हळदीच्या पेढीवरचा थंडरबर्ड: ६८ वरून एकदम ११५ वर गेल्यानंतर

पेढी सांगलीच्या मार्केट यार्डातली, हळदीची. अडतीचं काम आहेच, पण मोठा व्याप परगावी माल पाठवण्याचा. मुंबई, गुजरात, राजस्थान, दिल्लीकडचे मसालेवाले आणि काही निर्यातदार हे गिऱ्हाईक. शेतकऱ्यांशी बोलणं फोनवर, सौद्यातले भाव व्हॉट्सअ‍ॅपवर. मात्र नमुन्याचा कुरकुमीनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाचा, प्रयोगशाळा अहवाल, खरेदीची ऑर्डर, बिलाची प्रत, बँकेची कागदपत्रं आणि परगावच्या खरेदीदारांना जाणारं दरपत्रक हे सगळं आजही ईमेलवर चालतं. पेढीच्या नावाचं डोमेन आहे, मेलबॉक्स एका लहान होस्टिंगवाल्याकडे. संगणक एकच, त्यावर दिवाणजी, आणि मेल थंडरबर्ड या मोझिलाच्या ईमेल सॉफ्टवेअरमधून. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते मेल फोनवर पाहतात, लिहीत मात्र नाहीत.

या संगणकावरचे जुने मेल किती मोलाचे, हे आधी सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या जुन्या वखारीत ठेवलेले पेढीचे कागद भिजून गेले. त्याआधीच्या परगावच्या व्यवहारांचा जो काही लेखी पुरावा उरला, तो थंडरबर्डच्या फोल्डरांत होता.

२०२३ च्या दिवाळीआधी अण्णांचा पुतण्या सुट्टीला आला. संगणकावर थंडरबर्डची ६८ वी आवृत्ती होती, म्हणजे २०१९ सालची. नेट हळू चालतं म्हणून कुणीतरी आपोआप होणारं अपडेट बंद करून ठेवलं होतं. इतकी वर्षं सुरक्षेची दुरुस्ती न झालेलं सॉफ्टवेअर पेढीच्या व्यवहाराला वापरू नये, हा त्याचा विचार अगदी बरोबर होता. त्यानं संकेतस्थळावरून ११५ वी आवृत्ती उतरवली, बसवली, खातं जोडलं आणि तो पुण्याला परत गेला.

मग तक्रारींचा पाऊस सुरू झाला. जुने मेल दिसेनात. पेढीकडून आलेलं उत्तर कोरं आहे असं खरेदीदार सांगू लागले. संध्याकाळी अण्णांच्या फोनमधला इनबॉक्स रिकामा व्हायचा. मेनू जागेवर नाही, मराठी अक्षरं बारीक. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दरपत्रकाच्या मेलमध्ये प्रत्येक खरेदीदाराला बाकीच्या सगळ्यांचे पत्ते दिसले. दिवाणजींच्या लेखी ही सगळी एकच तक्रार होती: "अपडेट केलं आन् सगळं बिघडलं बघा." अण्णांनी मला बोलावलं ते एवढंच म्हणून, की "जुनं होतं तसं करून द्या."

जुनं होतं तसं करून द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. पण त्याचं कारण पटवायला आधी तक्रारींचे वाटे पाडावे लागले. काही सेटिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी खरोखरच, विचार करून बदललेली असतात. काही सेटिंग तशीच असतात, फक्त जागा बदललेली असते. आणि काहींच्या बाबतीत मूळचं डिफॉल्ट, म्हणजे आपण काहीच न निवडता लागू असलेलं सेटिंग, कधीच बदललेलं नसतं. आपण कधीकाळी स्वतः केलेला बदल हरवलेला असतो, आणि त्याच्याखालचं डिफॉल्ट पहिल्यांदाच आपल्यासमोर येतं. तिन्हींवरचे उपाय वेगळे. सरसकट जुनी आवृत्ती टाकली, तर पहिल्या वाट्यातली चांगली सुधारणाही जाते.

आधी प्रत, मग हात

थंडरबर्ड पूर्ण बंद करून विंडोजच्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड या फोल्डरमधलं प्रोफाइल्स उघडलं. प्रोफाइल म्हणजे मेल, पत्ते आणि सेटिंग ठेवलेला फोल्डर. आत असे दोन फोल्डर होते. एक कित्येक जीबीचा, शेवटचा बदल पुतण्या यायच्या आदल्या दिवसाचा. दुसरा अगदी नवा. दोन्हींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली आणि मगच बाकीच्या गोष्टींना हात लावला. हा क्रम मी कधीही बदलू देत नाही. जुनं प्रोफाइल नव्या आवृत्तीनं एकदा उघडलं, की जुनी आवृत्ती ते उघडायला नकार देते. ६८ पासूनची ही मुद्दाम घातलेली खबरदारी आहे. म्हणून मागे यायचा रस्ता हवा असेल, तर तो प्रतीतूनच.

दोन फोल्डर दिसल्यावर निम्मा उलगडा झाला. जुनी आवृत्ती ३२ बिटची होती, ती प्रोग्रॅम फाइल्सच्या एक्स८६ फोल्डरात. पुतण्यानं उतरवलेली ६४ बिटची, ती साध्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये. विंडोजच्या दृष्टीनं आता संगणकावर दोन थंडरबर्ड होते. ६८ पासून थंडरबर्ड प्रत्येक बसवणुकीला स्वतंत्र प्रोफाइल देतो. त्यामुळे नव्या थंडरबर्डनं आपलं कोरं प्रोफाइल उघडलं, आणि डेस्कटॉपवरचं चिन्ह नव्याकडे वळलं. दिवाणजींना मी हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचा, दाखला दिला. आपण दुसऱ्याच पेवाचं तोंड उघडलंय. आत हळद नाही म्हणून घाबरू नका, आपला माल शेजारच्या पेवात जसाच्या तसा आहे. ते पटकन समजले, आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग माहितीच्या पानावरून प्रोफाइलची यादी उघडता येते. तिथून जुनं प्रोफाइल ११५ मध्ये सुरू केलं आणि तेच कायमचं ठरवून दिलं. महापुराआधीचे मेल, पाठवलेल्या मेलचं फोल्डर, खरेदीदारांचं अ‍ॅड्रेस बुक, सही, सगळं परत आलं.

त्याबरोबर आणखी दोन तक्रारी आपोआप मिटल्या. कोऱ्या उत्तराची एक. थंडरबर्डचं मूळ डिफॉल्ट असं, की उत्तर लिहिताना समोरच्याचा मजकूर वर राहतो आणि आपलं उत्तर त्याच्याखाली सुरू होतं. ही ईमेलची जुनी शिस्त आहे. आपल्याकडे व्यापारात मात्र उत्तर वर लागतं. खरेदीदार फोनवर मेल उघडतो, वर स्वतःचंच पत्र बघतो आणि मेल कोरा आला म्हणून बंद करतो. पेढीत कुणीतरी फार पूर्वी हे सेटिंग बदलून उत्तर वर आणलं होतं. नव्या प्रोफाइलमध्ये तो बदल नव्हता, एवढंच. दुसरी तक्रार मराठी अक्षरांची. थंडरबर्डमध्ये प्रत्येक लिपीचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठरवता येतो. देवनागरीचा आकार जुन्या प्रोफाइलमध्ये वाढवलेला होता, तोही परतला. दोन्हींत अपडेटचा काडीचाही दोष नव्हता.

अण्णांचा फोन का रिकामा होत होता

पेढीचं जुनं खातं पॉप पद्धतीचं. संगणक मेल उतरवून घेतो आणि प्रत सर्व्हरवर काही दिवस राहते. पुतण्यानं खातं नव्यानं जोडलं तेव्हा आयमॅप निवडलं गेलं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात आणि संगणक व फोन दोघेही त्याच एका पेटीत पाहतात. दिवाणजींची सवय अशी, की संध्याकाळी पट्ट्या आणि बिलं मिटवली की इनबॉक्सही साफ करायचा. पॉपमध्ये ती सफाई त्यांच्या संगणकापुरती होती. आयमॅपमध्ये तीच सफाई अण्णांच्या फोनवर पोचली. गेलेले मेल सर्व्हरच्या ट्रॅश फोल्डरमध्ये मिळाले, तेव्हा नुकसान झालं नाही.

आजच्या काळात आयमॅपच वापरा असा सल्ला सहसा दिला जातो, आणि बहुतेकांसाठी तो योग्यच आहे. इथे मी तो दिला नाही. मेलबॉक्सची जागा थोडी, दिवाणजींचं वय आणि सवय पक्की, आणि पेढीला जुन्या मेलची प्रत आपल्या ताब्यात हवी. म्हणून संगणकावर पॉप ठेवलं, अण्णांच्या फोनवर आयमॅप. सर्व्हरवर मेल महिनाभर राहावेत असं ठरवलं. मात्र 'मी डिलीट करेपर्यंत' या अर्थाच्या पर्यायावरची खूण काढली, कारण ती राहिली तर संगणकावर डिलीट केलेला मेल सर्व्हरवरूनही जातो आणि पुन्हा तेच दुखणं सुरू होतं.

ज्याची तक्रार कुणीच केली नव्हती

जुनं प्रोफाइल ११५ मध्ये उघडलं, जुने मेल दिसले, पण नवे येईनात. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही असा निरोप. मग पुतण्यानं केलेल्या नव्या खात्यात मेल कसे येत होते? त्याचं सर्व्हर सेटिंग उघडलं, आणि या सगळ्या प्रकरणातली खरी काळजीची गोष्ट तिथे सापडली. कनेक्शन सिक्युरिटीसमोर 'काही नाही' निवडलेलं होतं. पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, १४३. म्हणजे पेढीचा पासवर्ड आणि प्रत्येक मेल सर्व्हरपर्यंत उघडा जात होता.

झालं होतं असं. संगणक आणि मेल सर्व्हर यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून टीएलएस नावाची पद्धत वापरतात. तिची १.० ही आवृत्ती १९९९ ची, १.१ ही २००६ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. पहिल्या दोन आता दुबळ्या ठरल्या आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला या चौघांनी २०२० मध्ये त्या दोन्ही बंद करू असं जाहीर केलं होतं. त्याप्रमाणे जुलै २०२० मध्ये आलेल्या थंडरबर्ड ७८ नं कमीत कमी टीएलएस १.२ हवं, असं नवं डिफॉल्ट लावलं. पुढे मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनंही आरएफसी ८९९६ हा दस्तऐवज काढून १.० आणि १.१ औपचारिकरीत्या बाद केल्या. पेढीचा थंडरबर्ड ६८ वर थांबलेला असल्यानं हे काहीच तिथपर्यंत पोचलं नव्हतं. होस्टिंगवाल्याचा सर्व्हरही १.० वरच थांबलेला होता. ओपनएसएसएल हे साधन घेऊन सर्व्हरला १.२ मागून पाहिलं तर नकार, १.० मागितलं की लगेच होकार. दोन जुनी माणसं इतकी वर्षं एकमेकांना सांभाळून घेत होती, त्यातलं एक बदललं.

पुतण्यानं खातं जोडताना सुरक्षित जोडणी जमेना, म्हणून पर्याय बदलत बदलत तो 'काही नाही' वर पोचला. थंडरबर्डनं तिथे मोठा इशारा दिला होता. धोका समजला, अशा अर्थाच्या चौकटीत खूण करून तो पुढे गेला. मी त्याला दोष देत नाही. समोर काका उभे, मेल सुरू व्हायला हवेत, आणि सगळे पर्याय एकसारखेच दिसतात. पण परिणाम पाहा. सुरक्षा वाढवण्यासाठी बदललेलं डिफॉल्ट आडवं आलं, आणि त्याला वळसा घालताना पेढी २०१९ मध्ये होती त्याहूनही उघड्यावर आली. जुनं टीएलएस १.० कमकुवत होतं, पण निदान कुलूप होतं.

हळदीच्या धंद्यात हा धोका हवेतला नाही. मालाची रक्कम एकेका व्यवहाराला लाखांत असते. मेल वाचू शकणारा माणूस योग्य वेळेची वाट पाहतो, आणि "आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम नव्या खात्यावर पाठवा" असा मेल खरेदीदाराला पाठवतो. मागचा-पुढचा संदर्भ खरा असतो, म्हणून खरेदीदाराला शंका येत नाही. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग आज मेल बंद राहिले तरी चालतील," ते म्हणाले. तेवढी वेळ आली नाही.

होस्टिंगवाल्याला फोन केला. पहिलं उत्तर आलं, की जुनं व्हर्जन टाका, चालेल. हे उत्तर ज्यांना मिळतं ते बहुतेक लोक ऐकतात, आणि म्हणूनच असे सर्व्हर वर्षानुवर्षं तसेच राहतात. आम्ही लेखी मागणी केली: टीएलएस १.२ असलेला सर्व्हर द्या, नसेल तर मेलबॉक्स दुसरीकडे हलवतो. मेल अण्णांच्या नावानं गेला. होस्टिंगवाल्यानं काही दिवसांत नव्या सर्व्हरवर खातं हलवून दिलं. त्यांच्याकडे नवा सर्व्हर आधीपासून होता. जुन्या गिऱ्हाइकांनी मागितलं नव्हतं, म्हणून त्यांना हलवलं नव्हतं.

मधल्या दिवसांसाठी एक तडजोड केली, आणि ती तडजोडच आहे हे सगळ्यांना सांगून केली. सेटिंगच्या जनरल पानावर अगदी तळाशी कॉन्फिग एडिटर, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या सेटिंगची यादी, असते. त्यात सिक्युरिटी डॉट टीएलएस डॉट व्हर्जन डॉट मिन या नोंदीची किंमत ३ होती, म्हणजे १.२. ती १ केली, म्हणजे १.० चालेल. उघड्या जोडणीपेक्षा हे बरं. पण हे थंडरबर्डमधल्या सगळ्या खात्यांना लागू होतं आणि पुढच्या अपडेटमध्येही तसंच राहतं, म्हणून ते विसरलं की कायमचं भोक पडतं. दिवाणजींच्या रोजमेळात त्याची नोंद केली: होस्टिंगवाल्याचा फोन आला की ही किंमत परत ३. नवा सर्व्हर मिळाला त्याच दिवशी ती परत केली, पॉप ९९५ वर आणि पाठवणीचं पोर्ट ४६५ वर टीएलएससह जोडलं, फोनवरचं आयमॅप ९९३ वर नेलं आणि पासवर्ड बदलला. उघडा गेलेला पासवर्ड पुन्हा वापरायचा नसतो.

दरपत्रक

हे नुकसान मात्र पूर्ण भरून निघालं नाही. ६८ मध्ये मेल लिहिताना प्रत्येक पत्त्याची स्वतंत्र ओळ असायची आणि ओळीच्या सुरुवातीला टू, सीसी की बीसीसी (बीसीसीतले पत्ते बाकीच्यांना दिसत नाहीत) हे निवडायचं. दिवाणजी पहिल्या ओळीवर बीसीसी करत आणि पुढच्या ओळी आपोआप तशाच येत. ७८ पासून हा भाग नव्यानं मांडला गेला. टू ची एकच ओळ, तिच्यात पत्ते गोळ्यांसारखे एकापुढे एक बसतात. सीसी आणि बीसीसी उजव्या कोपऱ्यात, त्यांवर क्लिक केल्यावर ओळ उघडते. दिवाणजींनी यादी चिकटवली, ती टू मध्ये बसली. टू आणि सीसी मिळून १५ किंवा अधिक पत्ते झाले की नवा थंडरबर्ड खाली पट्टी दाखवतो, की हे सगळे एकमेकांचे पत्ते पाहतील, त्याऐवजी बीसीसी वापरा. पट्टी इंग्रजीत होती. दिवाणजींनी ती फुलीवर बंद केली.

परिणाम दोन दिवसांत दिसला. कोण कुणाकडून राजापुरी हळद घेतं हे सगळ्यांना कळलं, आणि एका खरेदीदारानं दुसऱ्याला गाठून एकत्र दर पाडायचा प्रयत्न केला. माफीचा मेल सगळ्यांना पाठवू या, असं पुतण्या फोनवर म्हणत होता. मी नको म्हटलं. ज्यांनी यादी पाहिली नसेल त्यांनाही मग ती शोधावीशी वाटते. अण्णांनी मोठ्या खरेदीदारांना स्वतः फोन केले. पिढ्यांचे संबंध आहेत, तिथे त्यांचा आवाजच उपयोगी पडला.

दिवाणजींना "नीट बघून पाठवत जा" असं सांगून काम भागत नाही. थकलेल्या माणसाच्या लक्षावर सोडलेली गोष्ट पुन्हा चुकते. म्हणून एक टेम्पलेट तयार केलं: टू मध्ये पेढीचाच पत्ता, बीसीसी मध्ये सगळे खरेदीदार, विषय आणि तक्ता तयार. टेम्पलेट फोल्डरमधल्या त्या ओळीवर डबल क्लिक केलं की नवा मेल उघडतो, फक्त दर भरायचे. अ‍ॅड्रेस बुकमध्ये यादी करून ती टू मध्ये टाकण्यानं हे साधत नाही, कारण पाठवताना यादी सुटते आणि पत्ते दिसतातच. शिवाय कॉन्फिग एडिटरमध्ये पट्टी दाखवायची मर्यादा १५ वरून ५ केली, आणि पट्टीचा मराठी अर्थ छापून मॉनिटरच्या कडेला लावला. १५ ही संख्या जगभरच्या सगळ्यांसाठी ठरवलेली. हळदीच्या पेढीवर टू मध्ये पाचांहून अधिक पत्ते असायचं कारणच नसतं.

राहिलेलं

मेनू बार नव्या टूलबारच्या खाली गेलेला, तो दाखवला. ११५ मध्ये रूप बरंच बदललं आहे, म्हणून मेलची यादी टेबल स्वरूपात ठेवली, ओळींमधली घनता सैल केली, अक्षर मोठं केलं. नवा मेल वर की खाली, हा क्रम थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा लक्षात ठेवतो, तेव्हा नेहमीच्या फोल्डरांवर तो एकेक करून लावला. जुनी ३२ बिटची बसवणूक काढून टाकली. आपोआप अपडेट सुरू केलं.

दिवाणजींच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेढीची सेटिंग मराठीत लिहून ठेवली आहेत: खात्याचा प्रकार, पोर्ट, जोडणीची सुरक्षा, सर्व्हरवर मेल किती दिवस, उत्तर वर, देवनागरीचा आकार, पट्टीची मर्यादा ५. पासवर्ड त्यात नाही. जुलै २०२४ मध्ये १२८ वी आवृत्ती आली आणि पुढे पेढीवर बसली, तेव्हा दिवाणजींनी ते पान समोर ठेवून एकेक गोष्ट पडताळली. बसवणूक त्याच फोल्डरात झाल्यानं प्रोफाइल तेच उघडलं, आणि पानावरचं काहीही हललेलं नव्हतं. फक्त रूपातल्या काही गोष्टी बदलल्या होत्या, त्या त्यांनी स्वतःच लावून घेतल्या.